कुत्र्याचा स्टॅफ आणि ऑक्सासिलिनची रेषा

1976 पर्यंत कुत्र्याच्या त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस (थोडक्यात स्टॅफ) हा जिवाणू सरसकट त्याच्या ऑरियस या जातीत मोडत असे. त्या वर्षी इंटरमीडियस ही जात वेगळी काढली. 2005 मध्ये स्यूडइंटरमीडियसचे वर्णन आले, आणि 2007 च्या जनुकीय तुलनेत दिसले की कुत्र्यांवर सापडतो तो जवळजवळ सगळा हाच. इंटरमीडियस कबुतरांपुरता उरला. त्यामुळे कुत्र्यांवरच्या जुन्या शोधनिबंधांत इंटरमीडियस लिहिलेले असले तरी स्यूडइंटरमीडियस समजूनच वाचावे.

संसर्गाच्या दिशा दोन. ऑरियस बहुधा माणसाकडून प्राण्याकडे जातो. 1988 मध्ये ब्रिटनमधल्या एका वृद्धांच्या वॉर्डातल्या मांजरीवर मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा ऑरियस सापडला होता. स्यूडइंटरमीडियस उलट कुत्र्याकडून येतो, पण माणसाच्या नाकात सहसा फार काळ टिकत नाही. चावा किंवा शस्त्रक्रियेची जखम मिळाली की मात्र तो त्रास देतो.

खरा घोळ झाला तो ऑक्सासिलिन या मेथिसिलिनच्याच गटातल्या प्रतिजैविकाच्या मर्यादेवर. 2000 नंतरच्या दशकात प्राण्यांच्या तपासणी-मानकांत काही काळ ऑरियसचीच मर्यादा लावली गेली: एमआयसी (जिवाणूची वाढ रोखायला लागणारे औषधाचे किमान प्रमाण) 4 मायक्रोग्रॅम प्रति मिली किंवा जास्त असेल तरच जिवाणू प्रतिरोधक. मेकए हे या गटातल्या आणि सेफॅलेक्सिनसारख्या प्रतिजैविकांना प्रतिरोध देणारे जनुक बाळगणाऱ्या स्यूडइंटरमीडियसच्या कित्येक प्रकारांची एमआयसी याहून कमी भरते. ते 'संवेदनशील' ठरले, कुत्र्याला सेफॅलेक्सिन सुरू झाले आणि पुरळ तसाच राहिला. नेमका हाच काळ युरोप-अमेरिकेत प्रतिरोधक प्रकार पसरण्याचा होता, म्हणून ही चूक किरकोळ म्हणता येत नाही. पुढे मर्यादा 0.5 वर आणली गेली. चकतीच्या चाचणीत प्लेटवर औषध भिजवलेली कागदी चकती ठेवून तिच्याभोवतीचे जिवाणू न वाढलेले वर्तुळ मोजतात; 1 मायक्रोग्रॅमच्या ऑक्सासिलिन चकतीभोवती 17 मिमी किंवा कमी वर्तुळ म्हणजे प्रतिरोधक.

मेकए ओळखायला वापरल्या जाणाऱ्या सेफॉक्सिटिन या दुसऱ्या प्रतिजैविकाची गोष्ट अजून अनेक ठिकाणी चुकते. ऑरियससाठी 30 मायक्रोग्रॅमची ही चकती उत्तम, 21 मिमीपर्यंत प्रतिरोधक. स्यूडइंटरमीडियसमध्ये मेकए असूनही वर्तुळ त्याहून मोठे पडू शकते, म्हणून या जातीला ही चकती लावूच नये. ऑक्सासिलिनची प्लेट पूर्ण 24 तास ठेवावी आणि तापमान 35 अंश सेल्सियसपेक्षा जास्त होऊ देऊ नये. एरवी प्रतिरोध निसटतो. शंका उरली तर मेकएची पीसीआर.

माणसांच्या प्रयोगशाळेत अडचण आणखी आधी सुरू होते. ट्यूब कोॲग्युलेज (जिवाणू नळीतला रक्तद्रव गोठवतो का ते पाहणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली की ऑरियस लिहून मोकळे होण्याची सवय जुनी आहे, आणि स्यूडइंटरमीडियसही त्यात पॉझिटिव्हच येतो. माणसातल्या संसर्गाची स्यूडइंटरमीडियस या नावाने पहिली नोंद 2006 ची, ती बेल्जियममधली. त्याआधीचे किती रुग्ण ऑरियसच्या खात्यात गेले, हे आता मोजता येणार नाही. दोन्ही जाती वेगळ्या ओळखायला पीवायआर ही विकराची (एन्झाइमची) चाचणी स्वस्त आहे: ऑरियस निगेटिव्ह, स्यूडइंटरमीडियस पॉझिटिव्ह. माल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वस्तुमानावरून जात ओळखणारे यंत्र) असेल तर उत्तमच. पण आधी स्वॅबच्या फॉर्मवर 'कुत्र्याचा चावा' असे लिहिलेले हवे, नाहीतर ही चाचणी लावायची आठवण कोणालाच होत नाही.