सशाच्या डोळ्यापर्यंत जायचंच कशाला?

एखादं रसायन डोळ्यात गेलं तर किती इजा करेल हे सशाच्या डोळ्यावर पाहणाऱ्या ड्रेझ चाचणीची पद्धत अगदी साधी आहे. पांढऱ्या सशाची खालची पापणी हलकेच ओढायची, तिथे तयार होणाऱ्या खोबणीत तपासायचं रसायन ०.१ मिलिलिटर टाकायचं आणि ते सांडू नये म्हणून दोन्ही पापण्या सेकंदभर मिटून धरायच्या. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग १, २४, ४८ आणि ७२ तासांनी डोळा तपासायचा. जखम भरून येते का हे पाहण्यासाठी हे निरीक्षण २१ दिवसांपर्यंतही लांबतं. रसायन द्रव असेल तर पहिले २४ तास डोळा सहसा धुवायचाही नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले जॉन ड्रेझ आणि त्यांचे सहकारी यांनी १९४४ साली ही पद्धत मांडली, आणि तिला कारणही तसंच होतं. १९३०च्या दशकात तिथे ‘लॅश ल्युअर’ नावाच्या पापण्या रंगवायच्या प्रसाधनाने स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या, अंधत्व आलं, एकीचा तर जीव गेला. बाजारात येणारी वस्तू डोळ्यात गेली तर काय होईल, हे आधी कळायलाच हवं होतं. त्या गरजेबद्दल आजही दुमत नाही.

पण चाचणीचं उत्तर तरी भरवशाचं होतं का? कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, किती धुरकटला, डोळा किती लाल झाला, हे तपासणारा नजरेने ठरवतो आणि गुण देतो. एकूण ११० पैकी ८० गुण एकट्या कॉर्नियाचे. १९७१ साली वेल आणि स्काला या संशोधकांनी तीच रसायनं २५ प्रयोगशाळांकडून तपासून घेतली, तेव्हा एका ठिकाणी तीव्र दाहक ठरलेलं रसायन दुसरीकडे जवळपास निरुपद्रवी ठरत होतं. शिवाय सशाचे डोळे आपल्यासारखे नाहीत. त्याला अश्रू कमी येतात, तो पापण्या क्वचित मिटतो आणि त्याला तिसरी पापणीही असते. म्हणजे सशाचे हाल होत होते ते होतेच, वर उत्तरही धड मिळत नव्हतं.

१९८० साली हेन्री स्पायरा या कार्यकर्त्याने ‘रेव्हलॉन’ या प्रसाधनांच्या कंपनीविरुद्ध वृत्तपत्रात पानभर जाहिरात दिली आणि हा विषय प्रयोगशाळेबाहेर आला. कंपनीने पर्यायांच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला पैसे दिले. पुढे युरोपीय संघाने २०१३ साली प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं विकण्यावर बंदी घातली, भारताने २०१४ साली प्रसाधनांच्या प्राणीचाचण्या थांबवल्या. मात्र हे कायदे प्रसाधनांपुरते. कीटकनाशकं आणि औद्योगिक रसायनांचं काय, हा प्रश्न उरलाच.

इथे सगळ्यात कामाला आल्या त्या अगदी साध्या युक्त्या. रसायनाचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, २ किंवा त्याहून कमी, अथवा ११.५ किंवा त्याहून जास्त असेल, तर ते डोळा जाळणारच असं धरून चालायचं. ते त्वचा जाळतं हे आधीच माहीत असेल तरीही तेच. मुळात सशापर्यंत जायचंच कशाला? जावंच लागलं तर आधी एकाच सशावर पाहायचं, गंभीर इजा दिसली की तिथेच थांबायचं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४०५ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत २०१२ पासून डोळा बधिर करणारे थेंब आणि वेदनाशामक औषध आधीच द्यायची तरतूद आहे. औषधाने निकाल बदलेल ही भीती होती, हे खरं. पण १९४४ ते २०१२ हा काळ त्या भीतीसाठी फारच मोठा वाटतो.

सशाशिवाय करायच्या चाचण्यांपैकी एक कत्तलखान्यातून आणलेल्या गाईगुरांच्या डोळ्यांवर होते. हे डोळे एरवी फेकलेच जाणार असतात. त्यातला कॉर्निया काढून साच्यात बसवायचा, त्यावर द्रव रसायन १० मिनिटं ठेवायचं, मग धुवायचं. ३२ अंश सेल्सियसला दोन तास ठेवल्यावर त्यातून प्रकाश किती आरपार जातो ते उपकरणाने मोजायचं. मग वरून फ्लुरोसीन हा रंग घालायचा आणि ९० मिनिटांत तो खाली किती झिरपला ते पाहायचं. धुरकटपणा आणि झिरप, दोन्ही आकड्यांत मिळतात. कुणाच्या नजरेचा प्रश्न येत नाही.

दुसऱ्या चाचणीत माणसाच्या पेशींपासून कॉर्नियाच्या वरच्या थरासारखी ऊती वाढवतात. रसायन लावून धुतल्यावर तिला एक पिवळं संयुग देतात, ते जिवंत पेशी जांभळं करतात. साठ टक्क्यांहून जास्त पेशी तगल्या, तर ते रसायन डोळ्यासाठी धोकादायक नाही असं मानतात.

पहिली चाचणी तीव्र इजा करणारी रसायनं चांगली ओळखते, दुसरी निरुपद्रवी. अडतं ते मधल्या गटावर, म्हणजे डोळा चुरचुरवणाऱ्या पण बऱ्या होणाऱ्या दाहावर. २०२२ साली आलेल्या ओईसीडीच्या ४६७ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेने काही द्रव पदार्थांसाठी दोन्ही चाचण्या आणि रसायनाचे भौतिक गुणधर्म एकत्र वापरायची रीत घालून दिली: निरुपद्रवी बाजूला काढा, तीव्र बाजूला काढा, उरेल ते मधल्या गटात टाका. मधल्या गटाचा निकाल असा वजाबाकीने लागतो, यावर कुणी नाक मुरडेलही. पण सशांच्या चाचण्यांचे जुने निकाल ताडून पाहिले, तर पुन्हा केल्यावर सर्वाधिक बदलणारे निकाल याच गटातले निघतात.