‘शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’? खुलासा

स्वतःचा अनुभव लोकांसमोर कसा सांगावा, हे शिकवताना एक आकडा हमखास फेकला जातो: परिणामात शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के. हा अर्थ चुकीचा आहे.

आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन प्रयोगांची सांगड घालून त्यांनी ते काढले. त्या प्रयोगांत कुणी गोष्ट सांगितलीच नव्हती! सुटे शब्द होते. एका प्रयोगात ‘कदाचित’ अशा अर्थाचा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही. भावना आणि आवडनिवड यांपलीकडे हे सूत्र लागू होत नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे.

साधी कसोटी घ्या. अनोळखी भाषेतली गोष्ट आवाजासकट पाहिली, तर आवाज आणि देहबोली मिळून होणारे ९३ टक्के तर सोडाच, ३० टक्के तरी कळेल का?

मला वाईट याचं वाटतं की या आकड्यापायी माणसं आरशासमोर हातवारे घोटत बसतात आणि गोष्ट कच्चीच राहते. ‘आजोबा गेले तेव्हा फार वाईट वाटलं’ हे कितीही कंप आणून म्हणा, ऐकणारा बाहेरच राहतो. ‘त्यांचा चष्मा महिनाभर खिडकीतच होता, उचलायला कुणी धजावलं नाही’ हे सपाट आवाजातही पोहोचतं. सूर, नजर आणि विराम महत्त्वाचे आहेतच. पण आधी तो चष्मा सापडायला हवा.