कोकणातले घरगुती लाकडी लुअर : पार्श्वभूमी

कोकणात गरवणे, म्हणजे गळाने मासे धरणे, जुने; लाकडी लुअर, म्हणजे माशासारखे कोरलेले खोटे आमिष, नवा. खाडीतला जिताडा आणि खडपातली तांबोशी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत कोळंबीवर, नाहीतर छोट्या बोयटावर निघत आली. लाकडातून पोहणारा मासा कोरायची विद्या बाहेरून आली. दक्षिण जपानमध्ये माकुळांसाठी लाकडी आमिषे एदो काळापासून आहेत, आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाचे बेडूक कोरले गेले. आज आपण करतो त्या लुअरचा थेट पूर्वज १९३६ सालचा. फिनलंडमधल्या एका मच्छीमाराने तो बुचातून कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वर थर दिला. हलके अंग, पुढे तिरकी लिप (तोंडाशी बसवलेली पातळ पट्टी) आणि पाणी शिरू न देणारे कवच, एवढा पाया तेव्हाच पडला.

इथे हा प्रकार उशिरा रुजला तो दोरामुळे. सुताच्या किंवा तागाच्या जाड दोरावर २० ग्रॅमचा लुअर लांब फेकता येत नाही. नायलॉनच्या तंगूसाने निम्मे काम केले आणि बारीक विणीच्या ब्रेड दोराने उरलेले. मग आयात लुअर आले. एकेक नग पाचशे-हजार रुपयांचा, आणि कालवांनी भरलेल्या खडकावर किंवा कांदळाच्या मुळात अडकला की गेला. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, जगभरच्या कारागिरांची कामे घरबसल्या दिसू लागली, आणि सुतारकामाची हत्यारे तर घरोघरी होतीच.

पहिली गल्लत लाकडात झाली. टिकाऊ म्हणून अनेकांनी सागवान घेतले आणि लुअर एका अंगावर कलंडून चालले. हिशेब साधा आहे. १० सेंटीमीटर लांब, साधारण २२ मिलिमीटर उंच आणि १७ मिलिमीटर जाड लुअरचे आकारमान, निमुळती टोके धरून, २२ घनसेंटीमीटरच्या आसपास येते. खाऱ्या पाण्यात ते सुमारे २२.५ ग्रॅम वजन उचलते. दोन तीनतोंडी गळ, लिप, तार आणि कवच मिळून ८.५ ग्रॅम होतात. सागवानाचे अंग १४ ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे पोटात शिसे घालायला जागाच राहत नाही. शिशाशिवाय तोल नाही. शिवण झाडाच्या लाकडाचे तेच अंग साडेदहा ग्रॅमचे होते आणि अडीच-तीन ग्रॅम शिसे मावते. पांगाऱ्याचे हलके लाकूड सहा ग्रॅमच्या आसपास राहते. त्यात ५ ग्रॅम शिसे घालूनही लुअर झटकन वर येतो, लिप कांदळाच्या मुळाला लागली की मागे तरंगून सुटतो. सावंतवाडीच्या लाकडी फळांना आणि खेळण्यांना पांगारा पूर्वापार वापरला गेला. तो कोरायला किती सोपा आहे हे या भागात कुणाला सांगावे लागत नाही.

पण पांगारा आला तसा एक वाद आला आणि तो अजून मिटलेला नाही: गळ कशाला अडकवायचे, आयस्क्रूला (डोक्याला कडी असलेल्या स्क्रूला) की नाकापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या आरपार तारेला?

आयस्क्रूची बाजू आधी. १ मिलिमीटरचे भोक पाडायचे, त्यात एपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ) भरायची आणि २० ते २५ मिलिमीटर लांबीचा स्टेनलेस आयस्क्रू पिळायचा. एका लुअरला दहा मिनिटे पुरतात. या बाजूचा मुख्य आक्षेप रास्त आहे. तार बसवण्यासाठी पोटाला नाकापासून शेपटीपर्यंत खाच पाडावी लागते, आणि भरण नीट बसले नाही तर त्या पूर्ण लांबीने पाणी शिरते. आयस्क्रूला धोका फक्त दोन-तीन ठिकाणी. तारेने लुअर जड होतो हा दुसरा आक्षेप मात्र टिकत नाही. १.२ मिलिमीटर जाडीची १७ सेंटीमीटर तार दीड ग्रॅम भरते, म्हणजे आयस्क्रूंपेक्षा फार तर अर्धा ग्रॅम जास्त. तेवढे शिसे कमी घातले की झाले.

खरा प्रश्न ताकदीचा आहे, आणि तोही नव्या लुअरच्या ताकदीचा नाही. कोरड्या शिवणीत आयस्क्रू घट्ट बसतो, ताणकाट्यावर ओढूनही हलत नाही. म्हणून चाचणी घेणारे निर्धास्त होतात. कवचाला खडकावर टवका उडाला, खारे पाणी आत गेले, लाकूड फुगले आणि पुन्हा सुकले, असे काही वेळा झाले की आट्यांभोवतीचे तंतू मऊ पडतात. पांगाऱ्यात हे फार लवकर होते. जिताडा तोंड झटक्यात उघडून पाण्यासकट लुअर ओढून घेतो आणि सरळ मुळांकडे वळतो. तिथे दोर सोडून चालत नाही, रिळाचा ब्रेक आवळावाच लागतो. दोर तुटण्याआधी आयस्क्रू निघाला तर मासा तोंडात तीनतोंडी गळ घेऊन जातो. आरपार तारेत लाकडाचे दोन तुकडे झाले तरी नाक, पोट आणि शेपूट एकाच तारेवर राहतात. जिताड्यासाठी करायच्या लुअरला तारच हवी. शिवणीच्या छोट्या लुअरला आयस्क्रू चालेल. पांगाऱ्याला अजिबात नको.

खाचेवरचा आक्षेप कामाच्या क्रमाने बराच निवळतो. खाच ठोकळा चौकोनी असतानाच पाडावी, हॅकसॉची दोन पाती एकत्र बांधून. सुमारे दोन मिलिमीटर रुंदी मिळते. अंग कोरून झाल्यावर पाडली तर ती मधोमध येत नाही आणि लुअर कायम एका बाजूला ओढतो. तार ३१६ प्रतीच्या स्टेनलेसची घ्यावी. तिच्यातल्या मॉलिब्डेनममुळे खाऱ्या पाण्यात खड्डे पडायला ३०४ पेक्षा वेळ लागतो. नाक, पोट आणि शेपूट अशी तीन वेटोळी आधी पक्कडीने वळून घ्यावीत, शिसे पोटाच्या गळाजवळ, जितके खाली जाईल तितके खाली बसवावे आणि सगळे लाकडाचा भुसा मिसळलेल्या एपॉक्सीने भरावे. नुसती एपॉक्सी खाचेत आकसल्यासारखी बसते, वर बारीक खळगा राहतो आणि रंगानंतर नेमका तिथेच तडा जातो.

कवचाचा इतिहास म्हणजे कोकणच्या हवेशी झगडा. होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल चोपडायची रीत जुनी, पण ते काळे आणि अंगावर उठणारे. बेलतेल, म्हणजे जवसाचे तेल, लाकडात छान मुरते, फक्त पूर्ण सुकल्याशिवाय वर एपॉक्सी धरत नाही. आता बहुतेक जण दोन भागांची एपॉक्सी वापरतात आणि पावसाळ्यात फसतात. जुलैच्या दमट हवेत पृष्ठभाग दुधाळ आणि चिकट होतो, आणि लाकडात दडलेली ओल पुढे फोड आणते. डिसेंबर ते एप्रिल हाच कवचाचा हंगाम. कोरणे मात्र पावसाळ्यात उरकून ठेवावे. थर ओघळू नये म्हणून लुअर सुकेपर्यंत फिरता ठेवायचा. मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी, मिनिटाला ५-६ फेऱ्यांची मोटर त्याला पुरते.

लिपचे उत्तर भंगारातून मिळाले. जुनी सीडी पॉलिकार्बोनेटची आणि १.२ मिलिमीटर जाड असते, वरचा चंदेरी थर खरवडला की ८ सेंटीमीटरपर्यंतच्या लुअरला चालते. त्याहून मोठ्याला २ मिलिमीटरचा पॉलिकार्बोनेट पत्रा लागतो. दिसायला सारखे म्हणून अॅक्रिलिक घेतले, तर पहिल्याच खडकाला तुकडा उडतो.