ड्रिफ्ट सॉक वेगळा, सी अँकर वेगळा

ऑनलाइन दुकानात 'सी अँकर' शोधलं की तीन फुटी कापडी शंकू समोर येतो आणि त्याच्याच शेजारी नऊ फुटी पॅराशूट. दोन्ही पाण्यात फुगतात, दोन्ही होडीला मागे खेचतात, त्यामुळे लहान-मोठ्या मापाची एकच वस्तू असावी असं वाटतं. पण पहिला, म्हणजे ड्रिफ्ट सॉक, मासे गरवताना होडी संथ ठेवण्यासाठी असतो. दुसरा, म्हणजे खरा सी अँकर, इंजिन बंद पडल्यावर होडीचं तोंड लाटेकडे धरून ठेवण्यासाठी.

यातलं कोणतंच तळाला पोचत नाही. तळ धरते ती लोयली, म्हणजे नांगर; हे दोघे धरतात ते पाणी. म्हणून वाऱ्याने पळणारी होडी सॉकने आवरता येते, प्रवाहाने पळणारी नाही. ज्या पाण्यात सॉक फुगलाय, ते पाणीच निघालं असेल तर तो होडीलाही सोबत घेऊन जातो. जयगड किंवा दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागलेली असताना सॉक सोडला, तर होडी वाऱ्याचं कमी आणि ओहोटीचं जास्त ऐकायला लागते.

म्हणून सॉक पाण्यात टाकण्याआधी इंजिन बंद करून पाच मिनिटं जीपीएस बघा. होडी वारा जातो त्याच दिशेला सरकतेय? मग सॉक उपयोगी. वाऱ्याच्या आडव्या किंवा उलट दिशेने जातेय? मग पैसे सॉकवर नको, लोयलीच्या दोरावर घाला. ओहोटीला उलटा वारा असेल तर सॉकने वेग वाढलेलाही दिसेल, कारण होडीला जो वारा रोखून धरत होता, त्याचा जोर सॉकने कमी केला.

आता आकडे. एक नॉट म्हणजे मिनिटाला साधारण 31 मीटर. दोनशे मीटर लांबीचा खडक दोन नॉटने तीन-सव्वातीन मिनिटांत मागे पडतो, अर्ध्या नॉटने तेरा मिनिटं मिळतात. तांबोशी-हेकरूसारख्या तळाच्या माशांसाठी तळाला शिसं ठेवायचं तर अर्धा ते एक नॉट बरा, वेग त्याहून वाढला की तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तिरपी जाते आणि शिसं तळाला राहत नाही.

सॉकच्या मापाचा ढोबळ हिशेब: होडीच्या दर फुटाला तोंडाचा व्यास दोन ते अडीच इंच. सोळा फुटीला 36 ते 40 इंच, वीस फुटीला 48 च्या आसपास. वर टप (छत) असेल किंवा काठ उंच असतील तर एक माप वरचं घ्या. व्यास दुप्पट झाला की तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं, आणि पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने होडीचा वेग निम्म्याच्या आसपास येतो. बादली बांधून का भागत नाही तेही यातच आलं: फूटभर तोंडाची बादली म्हणजे 48 इंची सॉकचा सोळावा हिस्सा, आणि तिची कडी आधी निखळते.

चांगल्या सॉकच्या तोंडाच्या वरच्या कडेला लहान बोया आणि खालच्या कडेला शिसं असतं, म्हणजे तोंड उघडं राहतं. चार दोऱ्या जिथे एकत्र येतात तिथे भोवरकडी (गोल फिरणारी कडी) हवीच, नाहीतर सॉक फिरत राहतो आणि दोराला पीळ पडतो. शेपटाला वेगळी ओढदोरी बांधतात. ती नसेल तर काय होतं? 48 इंच तोंडाच्या आणि तेवढ्याच लांबीच्या सॉकमध्ये साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. तोंडाकडून ओढाल तर ते सगळं पाणी तुमच्या विरुद्ध. शेपटाकडून ओढलं की सॉक उलटतो आणि ओल्या गोणपाटासारखा हातात येतो.

सॉक नेहमी वाऱ्याकडच्या बाजूने सोडायचा. उलट बाजूला टाकला तर होडी त्याच्यावरूनच जाते. दोर तीन ते पाच मीटर पुरे. त्याहून आखूड ठेवला तर सॉक लाटेत उलटापालटा होतो, लांब ठेवला तर गळांत गुंततो. सकाळच्या मंद मतलईत, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यात, मधल्या खुंट्याला बांधलात तर होडी आडवी सरकते आणि सगळ्यांना एका बाजूने गरवता येतं. दुपारी वायव्येचा वारा धरला की लगेच नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हलवा, आडव्या होडीत लाट आत येते. मागे, इंजिनाकडे, कधीच नाही. बाजारातला स्वस्त निळा-हिरवा दोर बहुधा तरंगणारा असतो आणि इंजिन सुरू केल्यावर पंख्यात जातो. नायलॉनचा बुडतो, तोच घ्या. सॉक पाण्यात असेपर्यंत गिअर टाकायचा नाही.

सी अँकरचं गणित वेगळं आहे. व्यास होडीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे वीस फुटीला सहा-सात फूट. दोर मात्र होडीच्या दहापट, निदान साठ मीटर, आणि नायलॉनचाच, कारण तो ताणला जाऊन झटका पितो. तो फक्त नाळेवरून सोडतात. दोर काठावर घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवा, नाहीतर काही तासांत झिजतो. होडी लाटेच्या माथ्यावर असताना अँकर खळग्यात येत असेल तर दर लाटेला हिसका बसतो. अशा वेळी दोर थोडा सोडून किंवा ओढून दोघे एकदम माथ्यावर येतील असं जमवतात.

सॉक हे काम का करू शकत नाही? त्याचा शंकू छोटा, शिलाई हलकी. वादळी लाटेत तो नाळ धरून ठेवत नाही आणि होडी आडवी पडते. उलट, गरवायला सी अँकर वापरला तर एवढा लांब दोर आवरण्यात मासा सुटतो. मात्र इंजिन गेलं आणि वायव्येचा वारा होडीला खडकांकडे ढकलू लागला, की वेळ मिळवून देतो तो सी अँकर. तेवढ्या वेळात व्हीएचएफ रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनलवर हाक द्या, फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554 लावा.

दोन्ही घेतलेत तर एकाच पोत्यात कोंबू नका. सॉक रोज भिजतो. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, नाहीतर मिठाने भोवरकडी धरते. सी अँकर नाळेखाली वेगळ्या पिशवीत ठेवा, दोराची गुंडाळी नीट घातलेली आणि टोक आधीच खुंट्याला बांधलेलं.