भांग चढली की धोत्रा?

धुळवडीच्या दुपारी आमच्या गावात एखादा तरी पोट्टा "मी मरून राह्यलो" म्हणत ओसरीवर आडवा पडतोच. यंदा तो शेजारच्या घरी पडला. सकाळी ठंडाईचा एक पेला घेतला होता. तासभर काहीच झालं नाही. "हे तं नुसतं दूध होय बे" म्हणत आणखी दोन रिचवले आणि दोन वाजता छाती दाबून ओरडायला लागला, "माहं काळीज बंद पडून राह्यलं!"

भोवती वीसेक माणसं आणि तितकेच उपाय. कोणी लिंबू आणलं, कोणी चिंचेचं पाणी, कोणी वाटीभर तूप. एका बुढीने मीठ-मोहरी ओवाळायला घेतली. शेवटी त्याची काकू आली. तिने सगळ्यांना अंगणात हाकललं, त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेऊन निजवलं आणि उशाशी बसून राहिली.

त्याचं चुकलं ते घड्याळात. ओढलेला गांजा काही मिनिटांत मेंदूत पोचतो. प्यायलेली भांग आधी पोटात, मग यकृतात जाते. तिथे तिच्यातल्या टीएचसीचं (नशा आणणाऱ्या द्रव्याचं) ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं आणि तेही चांगलंच चढतं. परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात, तो टिकतो सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. म्हणजे दुसरा पेला घेताना पहिला अजून वाटेतच असतो.

टीएचसीने नाडी वाढते, मेंदूतली भीतीची केंद्रं बिथरतात, वेळेचा अंदाज सुटतो. धडधड जाणवली की भीती वाढते आणि भीतीने पुन्हा धडधड वाढते. उभं राहिलं तर रक्तदाब घसरून भोवळही येते, म्हणून निजवणंच बरं. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात भांगेला धरणारे रिसेप्टर (पेशींवरचे तिचे थांबे) फार कमी असतात. त्यामुळे निरोगी मोठ्या माणसाचा श्वास नुसत्या भांगेने सहसा थांबत नाही. हृदयविकार असेल किंवा सोबत दारू घेतली असेल, तर मात्र ही खात्री देता येत नाही.

हे भय फक्त भांगेचं नाही. १९ एप्रिल १९४३ रोजी स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमान यांनी स्वतः तयार केलेलं एलएसडी हे भास घडवणारं रसायन पाव मिलिग्रॅम घेतलं आणि सहकाऱ्याला सोबत घेऊन सायकलने घर गाठलं. दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांना चेटकीण दिसली. आपण मरतोय, अशी त्यांची खात्री झाली. डॉक्टरांनी तपासलं तर नाडी ठीक, रक्तदाब ठीक, फक्त डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. औषध काही दिलं नाही, डॉक्टर नुसते जवळ थांबले. हळूहळू भीती ओसरली आणि सकाळी नाश्ता नेहमीपेक्षा चविष्ट लागला.

काकूने हॉफमानचं नावही ऐकलेलं नाही. पोट्टा दर दोन मिनिटांनी "किती वाजले?" विचारायचा आणि ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं सांगायची, "पावणेतीन झाले बाप्पा. तू भांग पेला हायेस. रातच्याला उतरते." (भांगेत ताजी आठवण टिकत नाही, त्यामुळे तोच प्रश्न पुन्हा येणारच.) त्याला जे दिसत होतं ते खोटं आहे, असा वाद तिने घातला नाही. "झुंजू नको, येऊ दे, जाऊ दे" एवढंच म्हणायची. घोटघोट पाणी द्यायची, श्वास सावकाश सोडायला लावायची. झोप लागली तेव्हा कुशीवर वळवलं, म्हणजे ओकारी आलीच तर घशात अडकायची नाही. मोटरसायकलची चावी तिने आधीच कमरेला खोचली होती. विहिरीकडचं दारही लावून घेतलं होतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. सायलोसायबिन हे भास घडवणारं द्रव्य असलेली अळंबी (आपल्या खाण्याच्या सात्या नव्हेत) खाऊन वाईट अनुभव आलेल्या १,९९३ जणांपैकी ११ टक्क्यांनी सांगितलं, की त्या भरात आम्ही स्वतःला किंवा दुसऱ्याला धोक्यात घातलं होतं. विषापेक्षा विहीर जवळ असते.

लिंबू-चिंचेने भांग उतरते याला पुरावा नाही, पण शुद्धीवर असलेल्याला घोटभर दिलं तर बिघडतही नाही. तूप मात्र नकोच. टीएचसी स्निग्धात विरघळतं, त्यामुळे तुपाने ते अंगात आणखी मुरतं. ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजणं तर सरळ धोक्याचं.

आता धोत्र्याकडे वळू, कारण काकूचं सगळं शहाणपण तिथे अपुरं पडतं. उकिरड्यावर उगवणारं, महादेवाला वाहतात ते काटेरी बोंड. ठंडाई "कडक" व्हावी म्हणून कोणीतरी त्याच्या बिया वाटून टाकतो. त्यांत अट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही विषारी द्रव्यं असतात.

अट्रोपीन हे नाव कपाशीच्या पट्ट्यात नवीन नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेकडो शेतकरी-मजूर दवाखान्यात गेले, अनेक दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाने शरीरात ॲसिटिलकोलीन (नसांचा निरोप पोचवणारं द्रव्य) साचतं, लाळ-घाम-कफ वाहू लागतो आणि अट्रोपीन ते अडवतं. अट्रोपीन पुरेसं झालं का, हे पाहताना डॉक्टर छातीतला कफ आणि नाडी तर बघतातच, काखही चाचपतात. ती कोरडी हवी. जास्त झालं की रोगी तापतो, बरळतो, चादर चिवडतो.

धोत्र्यात ही जास्तीच्या अट्रोपीनची लक्षणं विनाकारण अंगावर येतात. म्हणून ओसरीवरच्या पोट्ट्याची काख चाचपा. भांगेने घाबरलेला बहुधा घामाने भिजलेला असतो, डोळे लाल असतात, आपण काहीतरी पेलो हे त्याला ठाऊक असतं. (तोंड दोघांचंही कोरडं पडतं, त्यावर जाऊ नका.) धोत्र्याच्या माणसाचं अंग तापलेलं आणि कोरडं, बाहुल्या पसरलेल्या, लघवी अडलेली. समोर नसलेल्या माणसाशी तो बोलतो, नसलेली बिडी ओढतो आणि हे खोटं आहे याची त्याला जाणीवच नसते. अशाला "काई नाई होत" म्हणून उपयोग नाही आणि बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे नेणं म्हणजे हातचा वेळ घालवणं. धोत्र्याने आतडी मंदावतात, बिया पोटात रेंगाळतात आणि हा प्रकार दोन-दोन दिवस चालू शकतो.

अशा वेळी थेट १०८ ला फोन करा. झटका आला, छातीत दुखलं, हलवूनही जाग येत नाही, माणूस आवरत नाही, तरीही तेच. लहान लेकराने किंवा गरोदर बाईने चुकून घेतलं असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. भीती उतरल्यावरही दोन-तीन दिवस संशय किंवा कानात आवाज राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

दवाखान्यात जाताना गंजात (पातेल्यात) उरलेली ठंडाई बाटलीत भरून सोबत न्या. पोलिसांच्या धाकाने सोबतचे पोट्टे "उन्हाने चक्कर आली जी" एवढंच सांगतात आणि डॉक्टर उष्माघाताचा इलाज सुरू करतात. उष्माघात आणि धोत्रा, दोन्हींत अंग सारखंच तापलेलं असतं. बिया कोणी टाकल्या हे डॉक्टरांना नको असतं. टाकल्या होत्या का, एवढंच हवं असतं.