तुम्ही भागाकार लिहिता, तो गुणाकार करतो

संगणक सांगकाम्या असतो, हे वाक्य प्रोग्रामिंगच्या पहिल्याच तासाला कानावर पडतं. सांगाल तेवढंच करेल, शब्द इकडचा तिकडे करणार नाही, आणि चुकलंच काही तर चूक तुमची. प्रोसेसरपुरतं हे खरं आहे. पण आपण लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरपर्यंत जसाच्या तसा पोचतच नाही. मध्ये कंपायलर बसलेला असतो. तो आपलं लिखाण वाचतो, त्याचा मथितार्थ ध्यानात घेतो आणि प्रोसेसरला भलतंच काहीतरी करायला सांगतो. त्याच्यावर बंधन एकच: बाहेरून दिसणारं उत्तर बदलता कामा नये. आतली वाट कोणती धरायची, ही त्याची मर्जी.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिलं ते ‘कंपायलर एक्सप्लोरर’ हे संकेतस्थळ उघडल्यावर, आणि त्या दिवशी हातातलं काम बाजूलाच राहिलं.

या साधनाचा जन्म एका वादातून झाला. २०१२ साली मॅट गॉडबोल्ट शिकागोतल्या एका ट्रेडिंग कंपनीत होते. तिथे सेकंदाच्या लाखाव्या भागालाही किंमत असते. सी++ भाषेच्या २०११ च्या आवृत्तीत यादीतल्या एकेका घटकावरून फिरणारा लूप लिहायची नवी, सुटसुटीत पद्धत आली होती. ती वापरली तर प्रोग्राम मंदावेल का, असा प्रश्न निघाला. गॉडबोल्टनी तर्क लढवत बसण्याऐवजी स्क्रीनचे दोन भाग केले. एका भागात प्रोग्राम, दुसऱ्या भागात कंपायलरने त्याचं काय केलं ते, आणि फाइल बदलली की दुसरा भाग आपोआप ताजा. हीच जोडणी पुढे ब्राउझरमध्ये आली. सुरुवातीचं नाव ‘जीसीसी एक्सप्लोरर’ होतं, कारण तेव्हा भर जीसीसी या एका कंपायलरवर होता. आता तिथे शेकडो कंपायलर आहेत. सी, सी++, रस्ट, गो, स्विफ्ट, हॅस्केल, पास्कल अशा कितीतरी भाषा आहेत. आणि प्रोग्रामर मंडळींनी त्या गृहस्थांच्या आडनावाचं क्रियापद करून टाकलं आहे: ‘वाद कशाला, गॉडबोल्ट करून बघ.’

पानावर डावीकडे तुमचा प्रोग्राम दिसतो आणि उजवीकडे असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या आज्ञा माणसाला वाचता येतील अशा रूपात. डावीकडची एक ओळ आणि तिच्यापासून तयार झालेल्या उजवीकडच्या ओळी यांना एकच रंग असतो. अक्षर बदललं की क्षणात उजवी बाजू बदलते. कंपायलरच्या मूळ उत्पादनात लिंकरसाठीच्या (प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या साधनासाठीच्या) खुणा, वापरात नसलेली लेबलं असा बराच कचरा असतो. तो गाळून टाकलेला असतो. हे गाळणं ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याशिवाय नवखा माणूस पहिल्या दहा ओळींतच पळून जाईल.

आता मजा. तिथे जाऊन एक इवलंसं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, लिहा: ३२ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ हा द्विमान अंक), चिन्ह नसलेली पूर्णांक संख्या ‘क्ष’ घ्यायची आणि तिला १० ने भागून जो पूर्ण भाग येईल तो परत द्यायचा. उजवीकडे पाहा. भागाकाराची आज्ञा कुठेच नाही! त्याऐवजी ३,४३,५९,७३,८३७ हा एक विचित्र आकडा दिसतो. क्षला या आकड्याने गुणलेलं असतं आणि आलेलं उत्तर ३५ घरं उजवीकडे सरकवलेलं असतं. एवढंच. जीसीसी तर ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्राम वेगवान करण्याचे कंपायलरचे प्रयत्न, बंद ठेवलं तरी हेच करतो.

हा उपद्व्याप कशासाठी? कारण भागाकार महाग असतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांवर गुणाकाराचं उत्तर साधारण ३ चक्रांत (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांत) हाती येतं, भागाकाराला त्याच्या कितीतरी पट वेळ लागायचा. काही पिढ्यांमध्ये ६४ बिटांचा भागाकार ९० चक्रांच्या घरात जात असे. नव्या प्रोसेसरांवर ही दरी बरीच कमी झाली, पण मिटलेली नाही. शाळेत आपल्यालाही भागाकारच जड गेला होता, आणि कारण तेच आहे. गुणाकारातले तुकडे वेगवेगळे करून शेवटी एकत्र बेरीज करता येते. भागाकारात मात्र पहिला अंक ठरल्याशिवाय दुसरा ठरवताच येत नाही.

मग गुणाकाराने भागाकार होतो कसा? तोंडी हिशेब करणाऱ्यांना यातली अर्धी युक्ती ठाऊक असते. २५ ने भागायचं असेल तर चौपट करा आणि शेवटचे दोन अंक पुसून टाका. १३०० ची चौपट ५२००, दोन अंक पुसले, उरले ५२. अंक पुसणं म्हणजे १०० ने भागणंच, पण ते फुकटात होतं.

३ ने भागायचं असेल तर? १०० ला ३ ने भाग जात नाही, ३३.३३ येतात. वरचा पूर्णांक घेऊ: ३४ ने गुणा आणि दोन अंक पुसा. २० × ३४ = ६८०, उरले ६. बरोबर, कारण वीस भागिले तीनचा पूर्ण भाग ६ च. ४७ × ३४ = १५९८, उरले १५. हेही बरोबर, पण ९८ कडे बघा, अगदी कड्याच्या टोकावर उभं आहे. आणि ५० × ३४ = १७००, उरले १७. चूक! खरं उत्तर १६. आपण ३३.३३ ऐवजी ३४ घेतले, तो जास्तीचा चिमूटभर भाग क्षबरोबर वाढत गेला आणि ५० वर त्याने उत्तर पुढच्या पूर्णांकात ढकललं.

आता ३३४ ने गुणून तीन अंक पुसून पाहा. ही युक्ती ४९९ पर्यंत अचूक चालते आणि बरोबर ५०० वर मोडते. ३३३४ आणि चार अंक घेतलेत तर मोडते ५००० वर. कागदावर स्वतः करून पाहा, हातच्या काकणाला आरसा कशाला. चूक कधीच नाहीशी होत नाही, फक्त लांब लांब ढकलली जाते. आणि सगळी गंमत इथेच आहे, कारण प्रोसेसरमधली संख्या अनंत नसते. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. चूक हिच्या पलीकडे ढकलली की तिचं अस्तित्व असून नसल्यासारखं. जिथे युक्ती मोडते तिथपर्यंत क्ष पोचूच शकत नाही.

प्रोसेसर द्विमान पद्धतीत काम करतो, म्हणून तो दशमान अंकांऐवजी बिट पुसतो, म्हणजेच संख्या तितकी घरं उजवीकडे सरकवतो. ३५ बिट पुसणं म्हणजे २ च्या ३५ व्या घाताने भागणं, म्हणजे ३४,३५,९७,३८,३६८ ने. याचा दहावा हिस्सा ३,४३,५९,७३,८३६.८. वरचा पूर्णांक घ्या: ३,४३,५९,७३,८३७. तो विचित्र आकडा हाच! जास्तीचा भाग फक्त ०.२ आहे. क्ष कितीही मोठा असला तरी त्यामुळे उत्तरात पडणारा फरक ०.०२५ च्या आतच राहतो. आणि १० ने भागल्यावर अपूर्णांक फार तर ०.९ असतो, म्हणजे पुढच्या पूर्णांकापर्यंत निदान ०.१ ची मोकळीक असतेच. ०.०२५ ने ०.१ ची भिंत ओलांडली जात नाही. चार अब्जांहून जास्त संख्यांपैकी एकाही संख्येवर उत्तर चुकत नाही, आणि सिद्धता दोन ओळींची.

इथे थांबलं तरी चालेल, पण मला ७ बद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. ७ साठी ३४ बिट पुसायचे ठरवले तर जास्तीचा भाग ०.७१ येतो, फरक ०.१७८ पर्यंत जातो, आणि मोकळीक फक्त सातवा हिस्सा, म्हणजे ०.१४३. भिंत ओलांडली. ३५ बिट घ्यावेत तर गणित जुळतं, पण गुणक येतो ४,९०,८५,३४,०५३, आणि तो ३२ बिटांत मावतच नाही, ३३ वा बिट लागतो. मग कंपायलर काय करतो? वरचा एक बिट बाजूला काढून उरलेल्या ६१,३५,६६,७५७ ने गुणतो आणि राहिलेल्या बिटाची भरपाई एक वजाबाकी, एक अर्धं करणं आणि एक बेरीज अशी वळसा घालून करतो. अर्धं मध्येच करायचं कारण असं की सरळ बेरीज केली तर तीच ३२ बिटांबाहेर सांडेल. कंपायलर एक्सप्लोररमध्ये १० पुसून ७ लिहा, उजवीकडची यादी लांबलेली दिसेल. ही शिस्तबद्ध पद्धत टोर्ब्यॉर्न ग्रानलुंड आणि पीटर मॉन्टगोमरी यांनी १९९४ च्या निबंधात मांडली. त्याच वर्षी इंटेलच्या पेंटियममधला भागाकार चुकतो हे उघडकीस आलं, कारण चिपमधल्या एका तक्त्यात काही नोंदी राहून गेल्या होत्या. भागाकाराला ते वर्ष गाजलं म्हणायचं.

आता थोडं प्रोग्रामरांच्या गंड्यादोऱ्यांविषयी. ‘२ ने भागू नका, एक बिट उजवीकडे सरकवा, वेगवान असतं’ हा मंत्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मीही तो कितीतरी वर्षं इमानदारीत जपला. संख्येला चिन्ह नसेल तर दोन्ही लिहून पाहा, उजवीकडे एकच आज्ञा येते. म्हणजे मी इतकी वर्षं फक्त वाचणाऱ्याला त्रास देत होतो. आणि संख्येला चिन्ह असेल तर? सी भाषेत उणे ७ भागिले २ म्हणजे उणे ३, पण बिट सरकवले की येतात उणे ४. कंपायलर हे जाणतो, म्हणून भागाकार लिहिलात तर सरकवण्याआधी चिन्हाचा बिट मिळवून घेतो. माझा मंत्र ही दुरुस्ती करत नव्हता. नशिबाने उणे संख्या कधी आल्या नाहीत.

याच्या उलट टोकाचा भाबडेपणाही आहे: उजवीकडच्या ओळी मोजायच्या आणि कमी ओळी म्हणजे जास्त वेग असं जाहीर करायचं. ‘अमुक भाषा तमुकपेक्षा दसपट वेगवान’ छापाचे व्हिडिओ अशा मोजणीवर उभे असतात. वरच्या भागाकाराकडेच बघा की. एका ओळीच्या जागी तीन-चार ओळी आल्या आणि काम लवकर झालं. असेंब्ली वाचून काय घडणार ते कळतं. किती वेळात ते घड्याळ लावूनच मोजावं लागतं.

आणि कंपायलरची हुशारी नेहमी सुखाचीच असते असंही नाही. चिन्ह असलेला पूर्णांक क्ष घ्या आणि ‘क्ष अधिक १ हे क्षपेक्षा मोठं आहे का’ एवढंच विचारा. अनेकजण संख्या हाताबाहेर जाऊन गडगडली का हे तपासायला अशी ओळ लिहितात. पण सी आणि सी++ च्या नियमांत चिन्ह असलेल्या संख्येने मर्यादा ओलांडली तर काय व्हावं हे सांगितलेलंच नाही. कंपायलर त्यावर बोट ठेवून म्हणतो, मग तसं कधी होतच नाही असं मी धरतो. ऑप्टिमायझेशन चालू करा. उजवीकडे दोनच ओळी उरतात: उत्तर १ (म्हणजे ‘हो’) ठेवा, परत जा. क्षचा उल्लेखही नाही. मग प्रकार बदलून संख्या चिन्हविरहित करा, तपासणी परत येते. पण तीही तुम्ही लिहिलेली नसते. बेरीज नाहीच, क्ष त्या सर्वांत मोठ्या आकड्याइतका आहे का, एवढं एकदाच विचारलेलं असतं.