कॉर्नर बीडची पार्श्वभूमी: सारवलेल्या गोल कोपऱ्यापासून जिप्सम बोर्डाच्या धारेपर्यंत

विदर्भात आता तालुक्याच्या गावीही दवाखाना, कोचिंग क्लास किंवा बँकेच्या सेवा केंद्रात जिप्सम बोर्डाचं पार्टिशन दिसतं. हे काम नव्यानं शिकणारे बोर्ड मारणं लवकर शिकतात, पण बाहेरच्या कोपऱ्यावर अडतात. पट्टी ठोकली, पुट्टी फिरवली, रंग मारला, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना उभी चीर पडते. कोपऱ्याची धार जपणाऱ्या या पट्टीला कॉर्नर बीड म्हणतात. ती बसवायचे नियम पाठ करण्यापेक्षा ती आजच्या रूपात कशी आली हे समजून घेतलं, तर चीर का पडते तेही कळतं.

इथल्या जुन्या घरांना अशी पट्टी लागलीच नाही, कारण त्यांच्या भिंतींना धारच नव्हती. पांढऱ्या मातीची जाड भिंत, वरून शेणामातीचं सारवण. बाईचा हात फिरता फिरता कोपरा गोल व्हायचा आणि टवका उडालाच तर पुढच्या सारवणात भरून निघायचा. रस्त्याकडच्या कोपऱ्याला बैलगाडीचा आख घासू नये म्हणून मोठा धोंडा पुरत. पुढे विटा-सिमेंटची घरं आली. १९८० च्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरच्या परिसरात सिमेंटचे मोठे कारखानेही उभे राहिले. सिमेंटच्या गिलाव्याला मिस्त्री एका अंगाला पट्टी धरून, ओळंबा-गुण्या लावून धार काढू लागले. सिमेंट कठीण असल्यानं ती धार बऱ्यापैकी टिकते.

युरोप-अमेरिकेत चुन्याच्या मऊ गिलाव्यावर सरळ धार काढायची रीत होती, त्यामुळे कोपरा फुटण्याचा प्रश्न तिथे आधी आला. एकोणिसाव्या शतकात कोपऱ्यावर कातीव गोल लाकडी पट्टी ठोकत. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, त्यामुळे लाकूड आणि गिलाव्याच्या सांध्यात चीर पडायची. १८८० च्या दशकात पत्र्याला चिरा देऊन ताणून केलेली जाळी निघाली. मग मधे पत्र्याची धार आणि दोन्ही बाजूंना जाळीचे पंख असलेली पट्टी आली. जाळीच्या भोकांत गिलावा शिरून घट्ट धरायचा.

जिप्सम बोर्डानं सगळंच बदललं. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांना १८९४ मध्ये कागद आणि प्लास्टरचे थर एकावर एक दिलेल्या बोर्डाचं पेटंट मिळालं. पुढे युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीनं तो धंदा घेतला आणि मधे जिप्समचा एकच गाभा व दोन्हीकडे कागद असा बोर्ड पहिल्या महायुद्धाच्या काळात बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात मजूर आणि वेळ दोन्ही कमी पडले, तेव्हा ओल्या गिलाव्याची जागा या बोर्डानं झपाट्यानं घेतली.

बोर्डाची ताकद कागदात आहे. बाहेरच्या कोपऱ्यावर बोर्ड कापला की जिप्सम उघडं पडतं आणि खुर्चीची पाठ लागली तरी ते चुरतं. शिवाय बोर्डावर गिलाव्याचा जाड थर नसतो, कंपाउंडचा, म्हणजे सांधे भरायच्या मऊ लगद्याचा, पातळ लेप असतो. म्हणून जाळीऐवजी बारीक भोकांचे सपाट पंख आले आणि मधलं नाक, म्हणजे पट्टीची उठावदार धार, बोर्डाच्या पातळीच्या किंचित, साधारण दीड मिलिमीटर, वर ठेवलं गेलं. नवशिक्यांनी नेमकं हे नाक जपायचं. लेप ओढायच्या पात्याची कड एका बाजूला नाकावर आणि दुसऱ्या बाजूला बोर्डावर टेकते, आणि मधल्या पोकळीतच कंपाउंड बसतं. बीड आत दाबून ठोकली की पोकळी उरत नाही. मग लेप पातळ होतो आणि घासताना पत्रा उघडा पडतो.

म्हणून ठोकण्याआधी सरळ पाटा लावून वरपासून खालपर्यंत नाक तपासावं. बीड सहसा आठ किंवा दहा फुटांची मिळते. पत्र्याच्या कात्रीनं उंचीपेक्षा अर्धा इंच कमी कापावी, छताला भिडवावी आणि तो अर्धा इंच खाली मोकळा सोडावा. काळ्या मातीवरच्या घरात हे जास्तच महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात माती फुगली, फरशी उचलली गेली, की तळाला टेकलेली पट्टी वर रेटली जाते आणि लेप तडकतो. फरशी पुसतानाचं पाणीही त्या फटीमुळे पत्र्यापर्यंत पोचत नाही. दर नऊ इंचांवर दोन्ही पंखांना खिळे मारावेत. खिळ्याऐवजी स्क्रू वापरला आणि तो जास्त आवळला तर पंख वाकतो आणि नाक एका अंगाला झुकतं.

लेप तीन. पहिला रासायनिक क्रियेनं घट्ट होणाऱ्या कंपाउंडचा, चारेक इंच रुंद. दुसरा सात-आठ इंच आणि तिसरा दहा ते बारा इंच, कडेला अगदी पातळ करत नेलेला. प्रत्येक लेप पूर्ण वाळू द्यावा. शेवटी बारीक काचपेपर हलक्या हातानं फिरवावा, नाकावर दाब देऊ नये. पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी सिमेंटच्या भिंतीसाठी असते. स्वस्त पडते म्हणून तीच बीडवर भरतात, पण गुळगुळीत पत्र्यावर तिची पकड कमी असते आणि कडेनं ती सुटते. आपल्याकडच्या बहुतेक उभ्या चिरांमागे हे एक मोठं कारण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना जाड लेप वरून वाळतो, आत ओला राहतो आणि जाळीसारखा तडकतो. तेव्हा पंखा बंद ठेवून पातळ लेप द्यावेत, शक्यतो सकाळी.

ओलं जिप्सम उघड्या लोखंडाला गंजवतं, म्हणून पट्टीवर जस्ताचा थर आला. कात्रीनं कापलेल्या टोकाला मात्र जस्त नसतं, तिथे झिंक प्रायमर लावावा. पुढे कागद चिकटवलेली बीड निघाली. तिच्या कागदाची कड कंपाउंडमध्ये मुरते, त्यामुळे कडेची चीर कमी होते. पण खाली कंपाउंड कमी पडलं तर हवा अडकून फुगा येतो, म्हणून आधी भरपूर लेप द्यायचा, बीड त्यात दाबायची आणि जादा माल पात्यानं ओढून काढायचा. व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकची, बीड गंजतच नाही. ती स्प्रेच्या गोंदानं आणि स्टेपलनं बसवतात.

विदर्भात ही निवड कुलर पाहून करावी. उन्हाळाभर ओल्या हवेचा झोत ज्या कोपऱ्यावर येतो, तिथे साध्या पत्र्याच्या बीडवर तांबूस डाग रंगातून वर येतात आणि खालचं कंपाउंड मऊ पडतं. अशा कोपऱ्याला व्हिनाइल बीड वापरावी आणि कुलरचं तोंड तिथून फिरवावं.